झेंडूखालचा दिवा

आमच्या बाबांच्या खात्यात साचे एकदा सुरू झाले की परळचे कावळे ओरडायचं सोडून नुसत्या माना हलवत. बाबा गिरणीत जॉबर होते, म्हणजे साच्यांवर कापड विणणाऱ्यांच्या टोळीचे मुकादम. जन्मभर त्या आवाजात राहिल्यामुळे घरीसुद्धा ते हातवाऱ्यांनी बोलत आणि आई तशीच उत्तरं देई. आमच्या खोलीतलं भांडण चाळीत कुणाला कधी ऐकू आलं नाही, बघायला मात्र गॅलरीत गर्दी जमायची. यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं ते विचारू नका. चाळीत मला थापाड्या म्हणतात आणि मी लोकांना खोटं पाडत नाही.

पुढचं मात्र सगळं खरं. भीतीच्या बाबतीत मी थापा मारत नाही, तिथे मुळात कमी पडत नाही म्हणून.

संप सुरू झाला तेव्हा मी त्याच खात्यात बदली कामगार होतो. कुणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर उभं राहायचं, एवढंच माझं राज्य. शेवटच्या पाळीला बाबांनी टोळीतल्या एकेका साच्याला तेल दिलं, फडक्यानं पुसलं, वर कापड टाकलं. आठ-पंधरा दिवसांत परत यायचंय, जाम व्हायला नको, म्हणाले. लेकराला झोपवून बाजारात जाणाऱ्या बाईसारखे ते हळूच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी लालबाग गप्प झालं. चाळीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागली, कारण शांतता हा प्रकार त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, माझे कानच गेले. मी आईच्या हातचा पेला घेऊन भिंतीवर आपटून बघितला. आईनं तोच पेला माझ्या डोक्यात घातला, तेव्हा खात्री पटली.

त्या वर्षी खंडेनवमीला बाबा आणि त्यांची टोळी झेंडूच्या माळा घेऊन गिरणीच्या गेटवर गेली. खंडेनवमीला गिरणीत मशीनची पूजा असे. सगळे साचे थांबवायचे, पुसायचे, हळदकुंकू, माळ, नारळ. साचा थांबलेलाच हवा हा बाबांचा कडक नियम होता. चालत्या मशीनला हळद लावायला गेलेल्या एकाची दोन बोटं त्यांनी स्वतः फडक्यात गुंडाळली होती. पण त्या वर्षी साचे आधीच थांबलेले आणि गेट बंद. कुणी आत सोडेना. मग त्या माणसांनी माळा गेटच्या गजांनाच बांधल्या, बाहेरून नमस्कार केला आणि रांगेनं परत आली. मी त्यांच्या मागे होतो. एवढी माणसं अशी न बोलता चालताना मी प्रेतयात्रेतही पाहिली नाहीत.

आठ-पंधरा दिवस संपलेच नाहीत. काही वर्षांनी गेट उघडलं ते लॉऱ्यांसाठी. बाबांचा साचा भंगारात निघाला तेव्हा त्याचं चाक धुऱ्याशी गंजून एकजीव झालं होतं. बाबांनी हात लावून फिरवून बघितलं, ते हललं नाही. लॉरीवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. थांबवलेलं मशीन पुन्हा सुरू होत नाही. कुणी भुताला घाबरतं, कुणी सासूला, मी बंद केलेल्या बटणाला घाबरतो. आमच्या घरचा पंखा थंडीतसुद्धा फिरत असे. माझ्या बायकोनं संसाराची निम्मी वर्षं गोधडीत काढली. फ्रीज एकदाच धुवायला बंद केला आणि तो पुन्हा घुरघुरेपर्यंत मी रामरक्षा म्हणत ओट्याला धरून उभा होतो.

असा माणूस कॉम्प्युटरच्या धंद्यात पडला. दादरला एक क्लास केला, मग इकडेतिकडे टायपिंग, आणि शेवटी परळच्या एका तपासणी केंद्रात मशीनची देखभाल करायला लागलो. केंद्र आमच्याच चाळीतल्या एका साचेवाल्याच्या मुलीचं. ती शिकून डॉक्टर झाली, गाठीचे तुकडे काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात तिनं नाव काढलं. लहानपणी आम्ही एकमेकांच्या पाठीत धपाटे घातलेले, त्यामुळे ती मला अरेतुरे करायची. मी चारचौघांत तिला डॉक्टरबाई म्हणायचो. आसपास मोठी इस्पितळं, तिथून दिवसभर माणसांचे तुकडे बाटल्यांत घालून आमच्याकडे येत.

इथं एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढची सगळी घाबरगुंडी तिच्यावर उभी आहे. पेशंटच्या पावतीवर एक नंबर असे आणि काचेवर दुसरा. काचेचा नंबर तिची नोंद टाइप होताना मशीन आपल्या मनानं देई. कुठली काच कुठल्या माणसाची, ही गाठ फक्त मोठ्या मशीनच्या पोटात बांधलेली. ते मशीन गेलं तर आमच्याकडे उरणार होती खोलीभर काच, आणि त्या काचांवर कुणाकुणाचं मरण आणि कुणाकुणाचं जगणं, बिननावाचं.

म्हणून रोज संध्याकाळी मी सगळ्याची नक्कल एका कॅसेटवर काढून डब्यात घालून घरी नेई. पण कॅसेट म्हणजे कालपर्यंतचं. आज सकाळपासूनचा दिवस उघडाच. त्यासाठी डॉक्टरबाईंनी आधी मोठ्या मशीनशेजारी जुळं मशीन ठेवलं. एकात लिहाल ते त्याच क्षणी दुसऱ्यात. मी निर्धास्त झालो आणि तिथंच फसलो. काउंटरवरच्या एका बाईंच्या हातून आठवड्याभराच्या तपासण्या पुसल्या गेल्या, तेव्हा जुळ्यानंही त्या त्याच क्षणी पुसल्या. इतका आज्ञाधारक भाऊ मी रामायणातही ऐकला नव्हता. पुन्हा कॅसेटवरून आणलं, पण त्या दिवसाची सकाळ गेली ती गेलीच.

मग आली पेटी. पेढ्यांच्या खोक्याएवढी, काळी, पुढे एक बारीक हिरवा दिवा. ही नुसती नक्कल करत नसे. मोठ्या मशीनमध्ये झालेला प्रत्येक बदल, लिहिलेलं, खोडलेलं, चुकलेलं, ज्या क्षणी झालं त्या क्षणासकट टिपून ठेवी. बिघाड झाला तर पेटीला सांगायचं, मला अमुक क्षणाला परत ने. ती नेते. अट एकच. पेटी कधी झोपता कामा नये. झोपली तेवढा वेळ तिच्या लेखी जगात काही घडलंच नाही.

हे मी चाळीच्या गॅलरीत बाबांना आणि त्यांच्या टोळीतल्या उरलेल्या म्हाताऱ्यांना समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, "मग आमका खंय नेशीत?" झालं. एकाला संपाच्या आदल्या दिवशी जायचं होतं. दुसरा म्हणाला, तोवर सगळं नासलंच होतं, त्याच्याही मागे चल. तिसऱ्याच्या मते संप करायलाच हवा होता, पण पहिल्या महिन्यात मिटवायला हवा होता, त्या महिन्यात ने. शेवटचा चांगला क्षण कुठला, यावरून त्यांची अशी जुंपली की खालच्या मजल्यावरून काठी ठोकली गेली. बाबा तेवढे बोलले नाहीत. ते हातानंच काहीतरी म्हणाले, पण आई गेल्यापासून ती भाषा मला नीट वाचता येत नव्हती.

बाई दर खंडेनवमीला बाबांना पूजेला बोलवायच्या. आपल्या वडिलांच्या साच्याला ज्यांनी माळ घातली, त्यांनीच माझ्या मशीनला घालायची, हा त्यांचा हट्ट. आणि बाबांचा हट्ट, मशीन थांबलेलं हवं. मी दरवर्षी त्यांना फसवत असे. मोठ्या मशीनचा नुसता पडदा बंद करायचा, अंधार झाला की म्हणायचं, थांबलं. घेतल्या दिवसापासून ते मशीन कधी थांबलेलंच नव्हतं आणि माझ्या जिवात जीव असेपर्यंत थांबणार नव्हतं.

पेटी आली त्या वर्षीची खंडेनवमी. बाबा दादरहून पिशवीभर झेंडू घेऊन आले. बाहेरच्या बाकावर त्या सकाळी दोघंच उरली होती. एक वरळी कोळीवाड्यातली बाई. तिचा नवरा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. ती सांगायची की त्याचा पुकारा ऐकून होड्या वळतात, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण ती माझ्याच जातकुळीची बोलणारी दिसली. त्याच्या घशात गाठ आली होती. दुसरे फणसवाडीतले एक निवृत्त मास्तर. आवाज बसलेला, कुजबुजून बोलत, खिशात खडीसाखरेची पुडी. त्यांनाही घशात गाठ. दोघांचा सर्जन एकच. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा होता, कारण दसऱ्याला सुट्टी आणि परवा सकाळी ऑपरेशन. गाठ वाईट असेल तर स्वरयंत्र काढायचं, साधी असेल तर गोळ्यांवर भागेल. मास्तर त्या बाईला धीर देत होते आणि मधूनमधून खडीसाखर.

"दादा, माज्या न्हवऱ्याचा कागद आला का रं?" ती मला प्रत्येक फेरीला विचारी. मी सांगितलं, पूजा झाली की लगेच.

आत बाबांनी सुरुवात पेटीपासून केली. ती कपाटावर होती. हात जोडले, हळदकुंकू लावलं, आणि एवढी जाड माळ घातली की पेटी दिसेनाशी झाली. मग त्यांचा हात पेटीच्या मागे गेला. मागेच तिचं बटण. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी तिकडे धावणार, तेवढ्यात बाईंनी हाक मारली की अजून दोन काचा राहिल्यात, तेवढं टाइप होऊ दे. त्यांचं टाइप होईपर्यंत बाबा उदबत्ती लावत बसले. पूजेची माळ उचकून बघायची माझी छाती झाली नाही, बटण दाबलंच असणार असं मी धरून चाललो. मग ते मोठ्या मशीनकडे आले. मी पडदा विझवून तयार होतो.

बाबांनी मशीनच्या पाठीवर तळवा ठेवला. जॉबरचा तळवा. डोळे मिटले.

"झिला, ह्या धडधडता हा," ते म्हणाले. "देवाकडे खोटा बोलतंस?"

मी बाईंकडे बघितलं. म्हटलं, हे मशीन बंद करायला नको. बाई म्हणाल्या, पाच मिनिटांनी काय होतंय, बंद कर. मी बंद केलं. ती घरघर खाली खाली जात संपली आणि मला लालबाग गप्प झालं तो दिवस आठवला. आरती झाली. नारळ फुटला. पेढे वाटले. माझ्या तोंडातला पेढा मातीसारखा लागत होता.

सुरू केलं, तर आतून नुसतं टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. वर्षानुवर्षं गरागरा फिरलेली तबकडी एकदा थंड झाली आणि जागच्या जागी चिकटली. मी पुन्हा लावलं. पुन्हा टक्. पुढच्या खेपेला ती कण्हत फिरली, पडदा उजळला, आणि त्यावर नावं आली. एकाचं आडनाव दुसऱ्याला, बाप्यांना बायकांची वयं, काचांचे नंबर भलतीकडे. तापात बरळावं तसं मशीन बरळलं आणि कायमचं गार झालं.

बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं, कालपर्यंतचं घरी कॅसेटवर आहे. आजचं गेलं. पेटी पण पूजेला बंद होती.

त्या सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या आणि दोन काचा उचलून उजेडात धरल्या. "आता शेवटी टाइप केल्या त्या ह्याच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन घसे. एक साधा आहे, एक वाईट. एवढं मला पक्कं माहीत आहे."

मी विचारलं, कुठला कुणाचा, आठवत नाही का?

"वाटतं आठवतंय. पण मला वाटतं म्हणून कुणाचा गळा कापायचा का रे?"

नवा तुकडा काढायचा तर नवी तारीख, आणि वाईट गाठ तारखेसाठी थांबत नाही. मी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. मास्तर कोळीणबाईला काहीतरी सांगत होते आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. मला एकदम वाटलं, आपण मागच्या दारानं निघून जावं, बीडीडी चाळीत मावशी आहे, तिच्याकडे जाऊन चादर घेऊन पडावं. पाय मात्र निघेनात. माझे गुडघे इतके वाजत होते की परळच्या कावळ्यांनी पुन्हा माना हलवायला सुरुवात केली असती.

बाबा कोपऱ्यात खोबऱ्याचे तुकडे करत बसले होते. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी त्यांच्यापुढे बसलो. ओरडायचं होतं, पण बाहेर बाकापर्यंत जाईल म्हणून मास्तरांसारखाच कुजबुजलो. म्हटलं, बाबा, पेटीच्या मागे तुम्ही हात घातलात तेव्हा बटण दाबलंत ना?

"माळेचो दोरो अडकवलंय," बाबा म्हणाले.

म्हटलं, आणि बंद? पूजेला मशीन बंद लागतं ना तुम्हाला?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांचा मुलगा दुसऱ्या धर्मात गेला. "तां मशीन खंयचा? त्याका दिवो आसा. पूजेत दिवो कोण इझवता रे?"

मी उठलो. कपाटापर्यंतचं अंतर मला लालबाग ते गिरगाव एवढं वाटलं. माळेत हात घातला, झेंडू बाजूला सारले. आत, हळदीनं माखलेला, तो बारीक हिरवा दिवा जळत होता.

मी रडलो असं बाई सांगतात. त्या थापा मारतात.

पण भीती तिथं संपली नाही. पेटी आल्यापासून अडगळीत पडलेलं जुळं मशीन मी पुढे ओढलं आणि पेटीला म्हटलं, शेवटच्या क्षणाला ने. तिनं नेलं. पडद्यावर तीच बरळलेली नावं. पेटी प्रामाणिक, तिनं मरणाऱ्या मशीनची बडबडही जशीच्या तशी टिपली होती. मग मागे मागे जायला लागलो. फार मागे गेलो तर दोन्ही घसे टाइप व्हायच्या आधीच पोचणार, जरा पुढे थांबलो तर बरळणं. प्रत्येक वेळी जुळं मशीन विचार करत बसे आणि मी घामानं भिजत असे. एकदा एक घसा आला, दुसरा नाही. जरासा पुढे सरकलो. नारळ फुटायच्या आधीचा क्षण, मशीन बंद करण्याच्या जेमतेम अलीकडचा. नावं सरळ झाली. वयं ज्याची त्याला. शेवटच्या दोन ओळींत दोन घसे आणि त्यांच्यापुढे काचांचे नंबर.

बाबा केव्हा मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही.

"गावलो?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, गावलो तो क्षण.

ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमका नाय गावलो." आणि जाऊन पुन्हा खोबरं कापायला बसले.

बाईंनी दोन्ही काचा नंबर ताडून पुन्हा नव्यानं बघितल्या. मी त्यांच्या मागे उभा राहून मनात एकच धावा करत होतो. कोळीणबाईचा साधा निघू दे. होड्या वळवणारा तो पुकारा राहू दे. सिद्धिविनायकाला प्रभादेवीपर्यंत अनवाणी जाईन म्हटलं. बाईंनी पहिली काच बाजूला ठेवली, रिपोर्ट पाकिटात घातला आणि म्हणाल्या, "कोळीणबाईच्या नवऱ्याची साधी आहे. गोळ्यांवर जाईल."

मी पाकीट घेऊन जवळजवळ उडी मारली. दारापर्यंत पोचलो आणि पाय थबकले. दोन घसे. एक साधा, एक वाईट. मागे वळलो तर बाई दुसरं पाकीट हातात धरून बसल्या होत्या. ते त्यांनी मला दिलं नाही. म्हणाल्या, मास्तरांना आत पाठव, हे मी सांगते.

बाहेर कोळीणबाईनं माझा चेहरा बघितला आणि पाकीट उघडायच्या आतच तिला समजलं. ती बाकावर मटकन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मास्तर उभे राहिले. त्यांच्या घोगऱ्या, फुटक्या आवाजात ते तिला म्हणाले, "मी म्हटलं होतं ना बाई तुम्हाला?" मग पुडीतला शेवटचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "चांगली बातमी आणलीत. तोंड गोड करा. मशीनचं काही बिघडलं होतं म्हणत होते, सापडलं का सगळं?"

"हो," मी म्हटलं. "सगळं सापडलं."

"छान झालं. आता माझं?"

"बाईंनी आत बोलावलंय."

त्यांनी टोपी नीट केली, छत्री बाकाला टेकवून ठेवली, आणि दार ढकलून आत गेले. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं. मी तो खडा तोंडात टाकला नाही. मुठीत धरून मशीनच्या खोलीत गेलो आणि माळ बाजूला करून बघितलं, दिवा अजून चालू आहे ना.